बिऱ्हाड हलवताना

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्या घरांना बिऱ्हाड कसे हलवावे हे शिकवावे लागत नाही. बदलीचा हुकूम आला की ट्रंका भरल्या जात, वळकट्या आवळल्या जात, पितळेची भांडी पोत्यांत जात; परंतु एक लहानसे गाठोडे घरातील वडीलधारी बाई कोणाच्याही हाती देत नसे. त्यात काडेपेटी, निरांजन, मिठाची पुरचुंडी, एखादी सुरी आणि किल्ल्यांचा जुडगा, एवढेच असे. नव्या घरी रात्री-अपरात्री पाऊल टाकल्यावर दिवा लावायचा, तर काडेपेटी कोणत्या ट्रंकेत आहे हे अंधारात कोण शोधणार? आणि ट्रंकांच्या किल्ल्याच ट्रंकेत राहिल्या, तर मग बोलायलाच नको. सामान सगळे सुखरूप, मोजून घेतलेले, आणि तरीही त्या रात्री घर उपाशी.

संगणकाच्या जगातही हीच गोष्ट घडते असे आम्हांस कोणी सांगितले असते, तर आम्ही ते हसण्यावारी नेले असते. आमचा पिंड व्याकरणाचा आणि वाङ्मयाचा. यंत्राशी सख्य बेताचेच. परंतु आमच्या बडोद्यातील एका जुन्या मराठी ग्रंथसंग्रहाच्या कामात आमचा थोडा हात आहे, आणि त्या संग्रहाचे संगणकावरील बिऱ्हाड एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवले गेले तेव्हा जे घडले, त्याने हा विषय मुळापासून समजून घेणे आम्हांस भाग पडले. आज ज्या ज्या गावी आपली मंडळे, वाचनालये आणि शाळा आपले दप्तर संगणकावर ठेवू लागली आहेत, तेथे निदान एका माणसाला हे ठाऊक असावे असे वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हे बिऱ्हाड म्हणजे काय ते पाहू. पूर्वी एक यंत्र म्हणजे एक संगणक, असा सरळ हिशेब होता. आज एका दणकट यंत्राच्या पोटात अनेक 'आभासी' संगणक नांदतात. त्यांनाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात. जुन्या वाड्यात जशी आठ-दहा बिऱ्हाडे असत, प्रत्येकाची चूल वेगळी, उंबरा वेगळा, पण जोते, विहीर आणि छप्पर एकच, तसाच हा प्रकार. प्रत्येक बिऱ्हाडास वाटते की संपूर्ण घर आपलेच आहे. ही कल्पना अगदी नवी नाही. आयबीएम कंपनीने आपल्या अवाढव्य यंत्रांसाठी १९७२ मध्येच व्हीएम/३७० नावाची अशी व्यवस्था आणली होती. पुढे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने हे तंत्र साध्या यंत्रांवर आणले. मायक्रोसॉफ्टने हायपर-व्ही काढले. आणि लिनक्सच्या गाभ्यातच २००७ पासून केव्हीएम नावाची सोय अंतर्भूत झाली. हे निरनिराळे वाडे झाले.

लिनक्स हे त्या बिऱ्हाडात राहणाऱ्या कुटुंबाचे नाव समजावे. हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिचा गाभा लिहिण्यास आरंभ केला. ती कोणासही विनामूल्य वापरता येते, म्हणून आपल्यासारख्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थांचे तिच्याशी लवकर जमते.

आता वाड्याचा मालक प्रत्येक बिऱ्हाडास सामान ठेवण्यासाठी एक कोठी देतो. ही कोठी म्हणजे त्या आभासी संगणकाची डिस्क. वस्तुतः ती डिस्क नसतेच. मालकाच्या मोठ्या भांडारातील एक जागा तेवढी आखून दिलेली असते, आणि तिला एक दार बसवलेले असते. गंमत अशी, की प्रत्येक वाड्यात या दाराची घडण निराळी असते. व्हीएमवेअरच्या वाड्यात एक दार जुन्या एलएसआय लॉजिक कंपनीच्या कार्डाची नक्कल करते, तर दुसरे, पीव्हीस्कझी नावाचे, खास त्या वाड्यासाठीच घडवलेले असते. केव्हीएमच्या वाड्यात व्हर्टआयओ नावाची दारे असतात. रस्टी रसेल या ऑस्ट्रेलियन तंत्रज्ञाने घडवलेली ही पद्धत जानेवारी २००८ मधील २.६.२४ या आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यात आली. हायपर-व्हीचे दार स्टॉरव्हीएससी या नावाच्या किल्लीने उघडते. अॅमेझॉनच्या वाड्यात पूर्वी झेन पद्धतीचे दार असे. २०१७ च्या नोव्हेंबरपासून तेथे नायट्रो नावाची नवी बांधणी सुरू झाली आणि तीत हीच डिस्क एनव्हीएमई या जातीची म्हणून पुढे येते.

दार उघडण्याच्या या किल्लीस संगणकवाले ड्रायव्हर म्हणतात. वाहन हाकणाऱ्या ड्रायव्हरशी त्याचा अर्थ अगदीच तुटलेला नाही. यंत्राचा एखादा भाग कसा हाकावा हे ज्याला ठाऊक असते तो ड्रायव्हर. लिनक्सची थोरवी ही, की वर सांगितलेल्या सर्व दारांच्या किल्ल्या तिच्या संग्रही असतात, आणि त्याही फुकट. जुलै २००९ मध्ये तर खुद्द मायक्रोसॉफ्टने हायपर-व्हीच्या किल्ल्यांचा सुमारे वीस हजार ओळींचा मजकूर लिनक्सला मुक्त परवान्याखाली देऊन टाकला, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या होत्या. मग अडचण ती कोठे? सगळ्या किल्ल्या जवळ असताना कोणते दार अडावे?

अडचण किल्ली नसण्याची नाही. किल्ली कोठे ठेवली आहे याची आहे.

यंत्र सुरू होण्यास 'बूट' होणे म्हणतात. बुटाच्या मागच्या पट्ट्या धरून स्वतःच स्वतःला वर उचलणे, या इंग्रजी कल्पनेवरून तो शब्द आला. आपण म्हणू, आपणच आपल्या खांद्यावर चढून बसण्याचा हा खटाटोप आहे. यंत्रास वीज मिळाली की प्रथम जागा होतो तो वाड्याचा रखवालदार. त्याला फर्मवेअर म्हणतात. बायॉस किंवा यूईएफआय ही त्याची नावे वाचकांनी कदाचित ऐकली असतील. तो वाड्याचाच नोकर असल्याने आपल्या वाड्याची दारे त्याला उघडता येतात. त्याच्या मदतीने ग्रब नावाचा वाढपी कोठीतून फक्त दोन वस्तू बाहेर काढून स्मृतीत ठेवतो: एक लिनक्सचा गाभा आणि दुसरे एक लहान गाठोडे. एवढे झाले की दोघांचेही काम संपले. येथून पुढे गाभ्याने आपला संसार आपण चालवायचा. कोठीचे दार आता त्याने स्वतःच्या किल्लीने उघडायचे असते. रखवालदार पुन्हा हाक मारल्यास येत नाही.

परंतु किल्ल्या कोठे आहेत? त्या कोठीच्या आत, एका फडताळात व्यवस्थित मांडून ठेवलेल्या आहेत. म्हणजे कोठी उघडावी तर किल्ली हवी, आणि किल्ली हवी तर कोठी उघडावी. बीज आधी की वृक्ष आधी, या जुन्या वादाचे हे यांत्रिक रूप होय.

यावर लिनक्सच्या जाणत्यांनी जो उपाय काढला, तो आपल्या आज्या-पणज्यांच्या गाठोड्यासारखाच आहे. ग्रबने गाभ्याबरोबर जे लहान गाठोडे स्मृतीत आणून ठेवले, त्यातच आरंभी लागणाऱ्या किल्ल्या बांधून द्यायच्या. पूर्वी या गाठोड्यास इनिट-आरडी म्हणत. डिसेंबर २००३ मध्ये गाभ्याची २.६ ही आवृत्ती निघाली तेव्हापासून त्याची बांधणी बदलली आणि त्याला इनिट-रॅम-एफएस असे नाव मिळाले. गाभा जागा झाला की प्रथम हे गाठोडे सोडतो. त्यात दाराची किल्ली असते, कोठीतील मांडणी कशी वाचावी याची माहिती असते, कोठीला कुलुपावर कुलूप असेल तर त्याचीही सोय असते, आणि ही कामे क्रमाने करणारा एक छोटा कारभारी असतो. तो दार उघडतो, खरी कोठी गाभ्याच्या स्वाधीन करतो आणि स्वतः नाहीसा होतो. सारा मामला काही सेकंदांचा. रोज यंत्र सुरू करणाऱ्या शंभरांतील नव्व्याण्णवांना असे काही गाठोडे असते याचा पत्ताही नसतो. आणि सारे सुरळीत चालले असता तो नसावा हेच योग्य.

हे गाठोडे कोण बांधते? रेड हॅट कुळातील लिनक्समध्ये हे काम ड्रेकट नावाची आज्ञावली करते. ड्रेकट हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका गावाचे नाव आहे. त्या मंडळींना आपल्या कामांना तिकडच्या गावांची नावे देण्याची हौस दिसते. डेबियन आणि उबुंटू या कुळांत हे काम प्रदीर्घ काळ इनिट-रॅम-एफएस-टूल्स नावाच्या आज्ञावलीकडे राहिले आहे. आणि येथेच आमच्या कथेतील मेख आहे.

ड्रेकट दोन प्रकारे गाठोडे बांधू शकते. एक प्रकार सर्वसंग्राहक: जगातील बहुतेक वाड्यांच्या किल्ल्या त्यात घालायच्या. दुसरा प्रकार 'याच घरापुरता': आज आपण ज्या वाड्यात आहोत, त्याच्याच दाराची किल्ली तेवढी घ्यायची. रेड हॅटच्या २०१४ मध्ये निघालेल्या सातव्या आवृत्तीपासून त्या कुळात हा दुसरा प्रकारच रूढ झाला. यात मूर्खपणा काहीच नाही. गाठोडे लहान राहते, लवकर सुटते, आणि ते ज्या छोट्या कप्प्यात ठेवायचे तो कप्पा भरून जात नाही. ज्याला घर सोडून जायचेच नाही, त्याने दहा गावच्या किल्ल्या कनवटीस का लावून फिरावे? परंतु ज्याला जायचे आहे, त्याच्यासाठी हीच काटकसर घातक ठरते. डेबियनच्या कुळात मुळातच अधिक किल्ल्या बांधण्याची रीत असल्याने तेथे हा प्रसंग कमी येतो. येतच नाही असे नाही, कारण तेथेही काटकसरीचा पर्याय निवडता येतो.

आता आमच्या ग्रंथसंग्रहाकडे वळतो. त्याची सूची, जुन्या मासिकांच्या अंकांची छायाचित्रे, सभांची हस्तलिखित इतिवृत्ते आणि देणगीदारांच्या नोंदी, हे सारे एका लिनक्स आभासी संगणकावर आहे. ती सूची पगारी नोकरांनी केलेली नाही. निवृत्त मंडळी, गृहिणी आणि सुटीतील मुले यांनी कित्येक वर्षे संध्याकाळी बसून एकेक कार्ड वाचून ती भरली. काही कार्डांवरील अक्षर ओळखणारी माणसे आता हयात नाहीत. म्हणजे ती सूची गेली तर पुन्हा करता येईल, असे म्हणण्याची सोय उरलेली नव्हती.

हा संगणक एका ठेकेदाराकडील व्हीएमवेअरच्या वाड्यात नांदत होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद झाली. पुढील काळात जगभर अनेक संस्था दुसरे वाडे पाहू लागल्या. आमच्या ठेकेदारानेही आपली सर्व बिऱ्हाडे केव्हीएमच्या वाड्यात हलवण्याचे ठरवले. त्याने एका रविवारी डिस्कची हुबेहूब नक्कल केली, ती नव्या वाड्यात ठेवली आणि कळ दाबली.

पडद्यावर ग्रबची यादी उमटली. गाभा जागा झाल्याच्या खुणा दिसल्या. नंतर काही मिनिटे शांतता. आणि मग एकामागून एक सूचना, की अमुक नावाची डिस्क अस्तित्वात नाही. अखेरीस यंत्र 'ड्रेकट' असे लिहून, पुढे एक चिन्ह लुकलुकवीत, मुकाट उभे राहिले. ठेकेदाराच्या माणसाने आम्हांस दूरध्वनीवर सांगितले, की नक्कल पूर्ण झालेली आहे, तेव्हा तुमच्या डिस्कमध्येच मुळात काही बिघाड असला पाहिजे. सर्व पुसून लिनक्स नव्याने बसवणे बरे. जुन्या वाड्याची मुदत त्याच आठवड्यात संपणार होती.

'सर्व पुसून' हे दोन शब्द ऐकताच आमच्या पोटात गोळा उठला. आम्ही त्याला एवढेच बजावले, की आमच्या लेखी होकाराशिवाय कशासही हात लावू नये. आणि बंगळुरास अशाच कामात असलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्यास दूरध्वनी केला. शाळेत असताना हा मुलगा संधिविग्रहात नेहमी अडखळे. परंतु अडलेल्या गोष्टीच्या मागे लागण्याची चिकाटी त्याच्यापाशी तेव्हाही होती. सर्व ऐकून त्याने एकच प्रश्न विचारला.

"सर, ग्रबची यादी दिसली होती ना?"

"दिसली होती, असे म्हणतात."

"मग डिस्क ठणठणीत आहे. ती वाचता आली म्हणूनच यादी दिसली. गाभ्याजवळ नव्या दाराची किल्ली नाही, एवढेच झालेले आहे. पुसू मात्र देऊ नका."

रखवालदार आणि वाढपी यांचा जो उलगडा वर केला, तो त्या रात्री त्याने आम्हांस करून दिलेला आहे; वाड्याचे रूपक तेवढे आमचे. ठेकेदाराकडून परवानगी मिळवून तो बंगळुराहूनच त्या यंत्राच्या पडद्यापर्यंत पोहोचला. ग्रबच्या यादीत अगदी तळाशी 'रेस्क्यू' म्हणजे सुटकेची एक नोंद असते. रेड हॅट कुळाच्या लिनक्समध्ये ही नोंद प्रथम बसवणीच्या वेळीच तयार होते, आणि तिचे गाठोडे मात्र सर्वसंग्राहक प्रकारचे असते. म्हणजे ज्यांनी 'याच घरापुरते' हा नियम केला, त्यांनीच एक मोठे गाठोडे माळ्यावर टाकून ठेवण्याची दूरदृष्टीही दाखवली होती. त्याने ती नोंद निवडली. यंत्र क्षणभर घुटमळले आणि उठले. कोठीत सारे जसेच्या तसे होते.

परंतु माळ्यावरच्या गाठोड्यावर रोजचा संसार चालवायचा नसतो. त्याने ड्रेकटच्या नियमावलीत एक लहान टिपण घातले, की यापुढे गाठोडे बांधताना व्हर्टआयओच्या किल्ल्या आवर्जून घ्याव्यात. या टिपणात किल्ल्यांची नावे अवतरणचिन्हांत लिहावयाची असतात, आणि पहिल्या नावापूर्वी व शेवटच्या नावानंतर एकेक जागा मोकळी सोडावी लागते. ती न सोडल्यास शेजारच्या टिपणातील नाव याला चिकटून तिसराच निरर्थक शब्द तयार होऊ शकतो. "सर, येथे संधी करायची नसते," असे तो म्हणाला तेव्हा त्या घोर प्रसंगीही आम्हांस हसू आले. मग त्याने गाठोडे नव्याने बांधवले. सुटकेच्या नोंदीतील गाभा जुन्या आवृत्तीचा असल्यामुळे, कोणत्या आवृत्तीसाठी गाठोडे बांधायचे हे त्यास स्पष्ट सांगावे लागले. शेवटी गाठोडे न सोडता त्यातील जिनसांची यादी दाखवणारी एक आज्ञा असते, ती देऊन किल्ल्या खरोखर आत पडल्या आहेत याची त्याने खात्री करून घेतली. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. या वेळी ते नेहमीच्या वाटेने उठले आणि थोड्याच वेळात सूचीचे पान आमच्या पुढ्यात उघडले. पुसून नव्याने बसवण्याचा जो सल्ला मिळाला होता, त्याचे उत्तर चार-पाच शब्दांच्या एका टिपणात होते.

या अनुभवावरून जी शिस्त आम्ही संग्रहाच्या वहीत लिहून ठेवली आहे, ती येथे सांगतो. इतर गावांतील मंडळांनाही ती उपयोगी पडेल.

गाठोडे जुन्या घरी असतानाच बांधावे, ही पहिली गोष्ट. बिऱ्हाड अजून चालते आहे, दिवा लागलेला आहे, हाताशी सर्व काही आहे, तेव्हा नव्या वाड्याच्या किल्ल्या त्यात घालणे हे काही मिनिटांचे काम असते. तेच नव्या घराच्या बंद दारापुढे उभे राहून करणे महाग पडते. कोणत्या वाड्यात जायचे हे निश्चित नसेल, तर निघण्यापूर्वी एकवार सर्वसंग्राहक गाठोडे बांधून घ्यावे. प्रवास झाल्यावर ते पुन्हा आटोपशीर करता येते. मात्र मोठे गाठोडे ज्या कप्प्यात ठेवायचे त्यात जागा आहे ना, हे आधी पाहावे. जुनी किल्लीही टाकून देऊ नये. परत फिरण्याची वेळ आली तर ती लागते.

यंत्रावर गाभ्याच्या अनेक आवृत्त्या असतील, तर प्रत्येकीचे गाठोडे स्वतंत्र असते हे ध्यानात ठेवावे. एकीचे बांधले आणि यंत्र दुसरीवर उठले, तर केलेले कष्ट वाया जातात. बांधून झाल्यावर यादी उघडून पाहावी. 'घातले असेल' या शब्दावर कधीही विसंबू नये.

डिस्कला हाक मारण्याच्या नावाचाही असाच प्रश्न आहे. व्हीएमवेअरच्या वाड्यात जी डिस्क 'एसडीए' म्हणून ओळखली जाते, तीच केव्हीएमच्या वाड्यात व्हर्टआयओच्या दाराने 'व्हीडीए' होऊ शकते आणि अॅमेझॉनच्या वाड्यात एनव्हीएमई घराण्यातील एखादे नाव धारण करते. ही बोलावण्याची नावे झाली, सासर-माहेराप्रमाणे बदलणारी. कोठीच्या आतील मांडणीवर मात्र जन्मनावासारखा एक लांबलचक कायम क्रमांक कोरलेला असतो, त्याला यूयूआयडी म्हणतात. कोणती कोठी कोठे जोडावी याची जी यादी लिनक्स ठेवते, तीत हा क्रमांक लिहावा, म्हणजे घर बदलले तरी ओळख बदलत नाही. आमच्या यादीत तो लिहिलेला होता, म्हणून हे दुसरे संकट टळले.

हे सर्व आपोआप करून देणाऱ्या आज्ञावल्याही आहेत. व्हर्ट-व्हीटूव्ही नावाची एक आज्ञावली परक्या वाड्यातील बिऱ्हाड केव्हीएमच्या वाड्यात आणताना डिस्कची नक्कल करून थांबत नाही. आतील लिनक्सचे गाठोडेही नव्याने बांधते. काम ठेकेदारास देताना 'डिस्क हलवावी' असे मोघम न लिहिता, 'नव्या जागी यंत्र सुरू होऊन त्यातील अमुक पान उघडलेले दाखवावे', असे करारातच लिहावे. आणि ते पान स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जुने बिऱ्हाड मोडू नये. नक्कल पूर्ण होणे आणि संसार सुरू होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

या निमित्ताने एक विचार मनात घर करून राहिला आहे. त्या रविवारी आमच्या संग्रहातील एक अक्षरही हरवले नव्हते. सारे शाबूत होते. फक्त वाचता येत नव्हते. ही अवस्था आपल्या घरांना अनोळखी आहे काय? बडोद्यातील गायकवाडी दप्तराचा मोठा भाग मोडी लिपीत आहे. अनेक जुन्या मराठी घरांत माळ्यावर मोडीतील कागदांची बासने आहेत. वाटणीपत्रे आहेत, जमाखर्च आहेत, माहेरी लिहिलेली पत्रे आहेत. ज्यांनी ती जपली त्यांनी कापूर घातला, लाल फडके बांधले, वाळवीपासून राखण केली. कोठी उत्तम सांभाळली. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली, आणि पुढच्या पिढीच्या गाठोड्यात ती किल्ली कोणी घातली नाही. आता नातवंडे ते बासन सोडतात, कागद उजेडात धरतात आणि पुन्हा बांधून ठेवतात. २०१४ च्या जूनमध्ये मोडीला संगणकाच्या युनिकोड या जागतिक अक्षरसूचीत स्थान मिळाले हे चांगलेच झाले. पण सूचीत अक्षर असणे वेगळे आणि घरातील कोणास ते वाचता येणे वेगळे.

आमच्या शाळेतील मराठी घरांची पुष्कळ मुले आज मराठी बोलतात, परंतु देवनागरीतील मराठी पान एका दमात वाचताना थबकतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांचे गाठोडे आम्हीच, घर आणि शाळा मिळून, 'याच घरापुरते' बांधत आहोत. गुजरातेत राहायचे तर गुजराती हवी, जगात जायचे तर इंग्रजी हवी. त्या किल्ल्या घालायलाच हव्यात, आणि आपल्या पूर्वजांनी त्या घातल्या म्हणूनच ते परमुलखात नांदले. प्रश्न एवढाच, की आपण ज्या कोठ्या त्यांच्या हवाली करणार आहोत, त्यांची किल्ली त्याच गाठोड्यात आहे की कोठीच्या आत ठेवून आपण निर्धास्त झालो आहोत. वाचता येण्यासाठी आधी पुस्तके आणून ठेवली, असे आपण म्हणतो. पण पुस्तके कोठीत असतात. वाचण्याची सवय गाठोड्यात असावी लागते, आणि ती अगदी आरंभी, मुलाच्या पाचव्या-सहाव्या वर्षी, दुसरी कोणतीही कोठी उघडण्यापूर्वी घालावी लागते.

त्या माजी विद्यार्थ्याने पुढे एक निरोप धाडला. त्याच्या आजोबांच्या ट्रंकेत काही मोडी कागद सापडले आहेत, ते वाचून देणारे बडोद्यात कोणी आहे काय, असे त्याने विचारले आहे. आमच्या माहितीत एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. त्यांची दृष्टी अधू झाली आहे, तरी मोठ्या केलेल्या छायाचित्रावरून ते अजून वाचतात. सुटीत तो येणार आहे. त्याला आम्ही कळवले आहे, की कागद नुसते वाचून घेऊन जाऊ नकोस. चार दिवस राहा, आणि वाचायला शीक.